घरची कार्यशाळा, वाचकांचे प्रश्न : पाइपचा निमुळता काप

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे वेगवेगळ्या गावांची असली, तरी त्यांतली अडचण एकच आहे. ४५ अंशांपर्यंतचा काप बाजारात मिळणारे साधे कटऑफ मशीनही (मोठ्या गोल डिस्कने पाइप कापणारे) देते. त्यापुढे पाइप जसजसा निमुळता कापायचा, तसतसे मशीन अपुरे पडते आणि सगळा भार आखणीवर व पाइप धरण्याच्या पद्धतीवर येतो. म्हणून हे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बेदाणा सुकवण्यासाठी ६ मीटर रुंदीचे शेड घरीच उभे करायचे ठरवले आहे. त्यासाठी पाच कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) लागतील आणि मध्यावर कैचीची उंची ८० सें.मी. ठेवायची आहे. ४० × ४० मि.मी.चा, २ मि.मी. जाडीचा चौकोनी पाइप आणला आहे. खांब अजून उभे केलेले नाहीत. माझ्याकडे १४ इंची कटऑफ मशीन, चार इंची ग्राइंडर आणि वेल्डिंगचा संच आहे. कैचीचा वरचा उतरता पाइप खालच्या आडव्या पाइपवर जिथे टेकतो, तिथे पाइपच्या लांबीशी सुमारे १५ अंशांचा काप लागतो, म्हणजे सरळ कापाला शून्य मानणाऱ्या मशीनच्या पट्टीवर ७५. पण मशीनची पट्टी ४५ अंशांपुढे फिरत नाही. कोनमापकाने खुणा करून ग्राइंडरने दोन तुकडे कापून पाहिले. दोन्ही तुकडे टोकाशी उचलले गेले आणि एकमेकांशीही जुळले नाहीत. माझे कुठे चुकते आहे?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : आपले दोन तुकडे जुळले नाहीत याचे कारण कोनमापक आहे, आणि टोक उचलले गेले याचे कारण पाइपच्या भिंतीची जाडी आहे. ही दोन कारणे वेगळी आहेत, म्हणून दोन्हींचा वेगवेगळा विचार करू.

४० मि.मी.चा पाइप ४५ अंशांत कापताना कोनमापक १ अंशाने चुकला, तर कापाचे टोक दीड मिलिमीटरहूनही कमी सरकते, आणि तेवढी फट वेल्डिंगमध्ये भरून निघते. तोच पाइप १५ अंशांत कापताना १ अंशाची चूक झाली, तर टोक सुमारे १० मि.मी. पुढे किंवा मागे जाते. प्लास्टिकच्या कोनमापकावर आणि मशीनच्या पट्टीवर ठोकलेल्या खुणांवर १ अंशाची चूक सहज होते. त्यामुळे १५–२० अंशांच्या कापासाठी अंश मोजूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी उतार मोजावा. आपल्या कैचीची निम्मी रुंदी ३ मीटर आणि उंची ८० सें.मी. आहे, म्हणजे ३०० ला ८०. हेच प्रमाण लहान करत नेले की १५० ला ४० होते, आणि आपल्या पाइपची रुंदी नेमकी ४० मि.मी. आहे. म्हणजे पाइपच्या लांबीवर १५० मि.मी. मोजायचे आणि रुंदीभर तिरकी रेघ मारायची. कोन आपोआप येतो, आणि तो आपल्याच शेडचा असतो. आखणीची ही पद्धत मला पलूसच्या एका वयस्क फिटरने शिकवली आणि तेव्हापासून माझा कोनमापक पेटीतच राहिला आहे.

आखणीसाठी पातळ पत्र्याचा १५० × ४० मि.मी.चा आयत कापा. तो आधी चारही कोपऱ्यांना गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून तपासा आणि मग कर्णावर कापा. दोन सारखे त्रिकोण मिळतील. एक त्रिकोण पाइपच्या डाव्या बाजूवर आणि दुसरा उलटा करून उजव्या बाजूवर ठेवायचा. चौकोनी पाइपचे कोपरे गोलसर असल्याने पाइपवर थेट कोपऱ्यापासून मोजायला गेले, तर माप कुठून धरायचे हेच कळत नाही, आणि म्हणून त्रिकोण पूर्ण ४० मि.मी.चा असणे महत्त्वाचे आहे. प्रथम गुण्याने पाइपच्या चारही बाजूंवर एक सरळ फेर मारा, त्यापासून १५० मि.मी. अंतरावर दुसरा फेर मारा, आणि मग या दोन फेरांच्या मध्ये त्रिकोण बसवून दोन्ही उभ्या बाजूंवर कर्णाची रेघ ओढा. पहिला फेर सुरू केला तिथेच येऊन मिळाला नाही, तर पाइप पिळलेला आहे किंवा गुण्या चुकतो आहे. पुढे जाण्याआधी ते शोधलेच पाहिजे. रेघ खडूने मारू नका. खडूची रेघ दोन मिलिमीटर जाड होते. पाइपवर निळी शाई किंवा मार्करचा पट्टा फिरवून त्यावर टोकदार सुईने ओरखडा काढला, की ठिणग्यांच्या उजेडातही तो दिसतो.

आता कापाविषयी. आपण खांब रोवलेले नाहीत, ही फार सोयीची गोष्ट आहे. कैचीची रुंदी ६ मीटरऐवजी ५.९ मीटर ठेवा आणि उतार तोच राखा. मध्यावरची उंची तेव्हा सुमारे ७८.७ सें.मी. होईल. वरच्या पाइपची लांब बाजू ३,०५३ मि.मी. येईल. बाजारात चौकोनी पाइप बहुधा ६ मीटर लांबीचा मिळतो. तो बरोबर मध्यावर या तिरक्या रेघेत कापला, म्हणजे वरच्या बाजूवर मध्यापासून ७५ मि.मी. इकडे आणि खालच्या बाजूवर मध्यापासून ७५ मि.मी. तिकडे, तर एकाच कापात एका कैचीचे दोन्ही उतरते पाइप तयार होतात. दोघांचीही लांब बाजू ३,०७५ मि.मी. भरते, त्यामुळे काप आणि माथ्याकडची छाटणी यांसाठी २२ मि.मी. शिल्लक राहतात. ६ मीटर रुंदी कायम ठेवली असती, तर प्रत्येक पाइप ३० मि.मी.ने अपुरा पडला असता आणि पाचही कैच्यांना जोड द्यावे लागले असते. खालचा ५.९ मीटरचा आडवा पाइपही एका अखंड पाइपमधून निघतो. पाच कैच्यांना दहा निमुळते काप लागतील असे आपण धरले असेल. प्रत्यक्षात पाचच कापायचे आहेत, आणि पाच कापांसाठी मशीनला वेगळा साचा करण्याची गरज नाही. ग्राइंडर पुरेसा आहे.

कापताना पाइप कुठे टेकवला आहे, याकडे डिस्कपेक्षा जास्त लक्ष द्या. पाइपच्या दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवले, तर काप पुरा होत आला की पाइप मध्ये खचतो, फट मिटते आणि डिस्क अडकते. त्याऐवजी दोन्ही ठोकळे कापाच्या जवळ, दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या मीटरवर ठेवा. मग बाहेरची लांब टोके आपल्या वजनाने किंचित झुकतात आणि फट उघडते. पाइप ठोकळ्यांना सी-क्लॅम्पने बांधलेला असावा. १ किंवा १.२ मि.मी. जाडीची डिस्क लावून आधी सगळ्या रेघेवर अर्धा मिलिमीटर खोल चर पाडून घ्या आणि मग त्याच चरातून डिस्क दोन-तीन वेळा फिरवा. एकाच दमात आरपार जायचा प्रयत्न केला की रेघ सुटते. चर पडलेला असला की डिस्क त्यातून बाहेर जात नाही. आधी दोन्ही उभ्या बाजूंवरचे १५५ मि.मी. लांबीचे तिरके काप घ्या, पण दोन्ही टोकांना दहा-दहा मिलिमीटर सोडून द्या. मग वरची आणि खालची आडवी रेघ कापा आणि कोपरे सगळ्यांत शेवटी सोडवा. कोपरे आधी सुटले तर निमुळते टोक लवलवते आणि डिस्कला ओढून घेते.

आता टोक का उचलले गेले ते पाहा. वरच्या बाजूवरची आडवी रेघ आपण ग्राइंडर सरळ धरून कापता, त्यामुळे पाइपची २ मि.मी. जाडीची भिंत काटकोनात कापली जाते. पण तिची आतली कड तिरक्या रेघेच्या पुढे येते. आपल्या उताराच्या हिशेबाने बरोबर ७.५ मि.मी. पुढे. हीच आतली कड खालच्या पाइपवर आधी टेकते आणि टोक सुमारे २ मि.मी. वर उचलून धरते. कितीही नेमके कापले तरी हे होणारच. उपाय सोपा आहे. दोन तुकडे सुटे झाल्यावर टोकाची वरची पट्टी ७.५ मि.मी. मागे छाटा. टोकाला सुरीसारखी धार राहणार नाही, आतली कड नीट टेकेल आणि बाहेरून वेल्डिंग भरायला खाच मिळेल. तशीही ती धार वेल्डिंगच्या पहिल्याच ठिणगीला वितळून गेली असती. मग पाइप सपाट जागेवर उभा टेकवून, खालून उजेड कुठे दिसतो ते पाहत कानसीने किंवा फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पाकळ्यांची घासायची डिस्क) शेवटचा अर्धा मिलिमीटर जुळवा.

वेल्डिंगबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. कैचीच्या आतल्या अंगाला दोन पाइपांमध्ये १५ अंशांची जी चिंचोळी खाच राहते, तिच्या तळापर्यंत रॉड पोहोचत नाही, आणि तिथे वरवर भरलेले वेल्डिंग दिसायला चांगले पण आतून पोकळ असते. खरे बळ दोन्ही उभ्या बाजूंवरच्या १५५ मि.मी. लांब टाक्यांत आणि दोन्ही बाजूंनी लावलेल्या ५ किंवा ६ मि.मी. जाडीच्या गसेट पट्ट्यांत (दोन्ही पाइपांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आहे. काही जण दोन्ही पाइप कोनाच्या निम्म्यात, म्हणजे साडेसात अंशांत, कापून एकमेकांना भिडवतात. तसे करू नका. त्या कापाची लांबी ३० सें.मी.हून अधिक होते, काम दुप्पट होते आणि जोड अधिक दुबळा होतो. दोन्ही पाइपांच्या मध्यरेषा खांबाच्या डोक्यावरच एकमेकींना मिळाव्यात, हेही चुन्याने जमिनीवर पूर्ण मापाची कैची आखून तपासून घ्या.

आणि जे सांगणे माझे कर्तव्य आहे ते सांगतो. काप नेमका आला म्हणून कैची भक्कम झाली असे नाही. बेदाण्याचे शेड चारही बाजूंनी उघडे असते. वारा पत्रा दाबतो त्याहून जास्त त्याला खालून उचलतो. भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग वाऱ्याच्या भारासाठीच आहे. दोन कैच्यांमधील अंतर, पाइपची जाडी, मधले तिरकस आधार आणि पायाचे बोल्ट हे सगळे आपल्या भागातल्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि मगच पाइपला डिस्क लावा.

प्रश्न : आमचे कराडजवळ फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. जिन्याच्या रेलिंगच्या एका कामात चित्रावर ६० अंश लिहिले होते. कारागिराने मशीन ३० वर लावून सोळा तुकडे कापले. माझ्या मते ते बरोबर होते. ग्राहकाच्या मते चूक. सगळे तुकडे वाया गेले. ६० म्हणजे नेमके किती?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, चित्रावर नुसते ६० लिहिणे हीच मूळ चूक आहे, आणि ती कारागिराची नाही. चित्र काढणारा बहुतेक वेळा पाइपच्या लांबीपासून कोन मोजतो. मशीनची पट्टी मात्र सरळ कापाला शून्य मानते. त्यामुळे पाइपच्या अंगाशी ६० अंशांचा काप मशीनवर ३० असतो, आणि मशीनवर १५ लावले की तो पाइपच्या अंगाशी ७५ अंशांचा काप होतो. चित्र मशीनच्या पट्टीवरून काढलेले असेल, तर मात्र ६० म्हणजे ६०च, आणि ते आपल्या मशीनवर बसतच नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असू शकतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

यापुढे काम घेताना अंशांऐवजी कापाच्या लांबीचे माप लिहून घ्या. ४० मि.मी.च्या पाइपवर लांब बाजूच्या टोकापासून आखूड बाजूच्या टाचेपर्यंतचे, पाइपच्या लांबीवर मोजलेले अंतर २३ मि.मी. असेल, तर तो मशीनवरचा ३० आहे. तेच अंतर ६९ मि.मी. असेल, तर तो मशीनवरचा ६० आहे. हे आकडे कोणी कुठूनही वाचले तरी बदलत नाहीत. आणि पहिला तुकडा कापून ग्राहकाच्या जिन्यावर प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय दुसरा कापू नये, अशी दुकानात शिस्तच घालून घ्या.

प्रश्न : मी मिरजेत सदनिकेत राहतो. मुलीच्या सतारीसाठी स्टेनलेस स्टीलच्या २५ मि.मी. व्यासाच्या, १.२ मि.मी. जाडीच्या गोल नळीचे स्टँड करतो आहे. त्याचे तीन पाय जमिनीशी ३० अंशांत येतात आणि खाली सपाट टेकायला हवेत. ग्राइंडरचा आवाज व ठिणग्या इमारतीत चालत नाहीत. माझ्याकडे हॅक्सॉ, कानस, छोटा व्हाइस आणि हाताचे ड्रिल एवढेच आहे. गोल नळीवर तिरकी रेघ मारायची कशी, हेच मला उमगत नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नाने मला आनंद झाला, कारण हे काम हॅक्सॉनेच उत्तम होते. तीन पायांसाठी मशीन आणण्याची गरज नाही.

गोल नळी सपाट कापाने तिरकी कापली आणि तिच्यावर गुंडाळलेला कागद उलगडला, तर कागदावरची कड सरळ न दिसता लाटेसारखी दिसते. ती लाटच आधी कागदावर काढायची आणि मग कागद नळीवर चिकटवायचा. जाडसर कागदाची एक पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा आणि जिथे कडा एकमेकींवर येतात तिथे कापा, २५ मि.मी. नळीसाठी ती साधारण ७८.५ मि.मी. भरेल, पण गणितापेक्षा प्रत्यक्ष गुंडाळून मिळालेले माप खरे मानावे, कारण त्यात कागदाची जाडीही येते. या पट्टीचे बारा सारखे भाग करा. चार वेळा घडी घातली की सोळा भाग होतात, बारा होत नाहीत. म्हणून आधी घडी घालून तीन सारखे भाग करा आणि मग प्रत्येक भाग दोनदा निम्मा करा. पट्टीच्या खालच्या कडेपासून प्रत्येक रेघेवर मोजायची उंची अशी आहे : पहिल्या रेघेवर शून्य, मग २.९, १०.८, २१.७, ३२.५, ४०.४ आणि सातव्या रेघेवर ४३.३ मि.मी. तिथून पुढे हेच आकडे उलट्या क्रमाने उतरत येतात आणि तेराव्या रेघेवर पुन्हा शून्य येते. हे बिंदू हाताने गोलाईदार रेघेने जोडा, कागद कापा आणि नळीवर डिंकाने चिकटवा. रेघेचा माथा आणि तळ नळीच्या बरोबर समोरासमोर आले, तर आखणी नीट झाली.

आकडेमोड नको असेल, तर पाण्याची युक्ती आहे. नळीवर ओल्या खडूचा पातळ लेप देऊन तो वाळवा. एका बादलीत पाणी घ्या. तिच्या काठावर फळी बांधून नळी पाण्याशी ३० अंशांत राहील अशी त्या फळीला टेकवा आणि सावकाश पाण्यात सोडा. पाण्याचा पृष्ठभाग सपाटच असतो, म्हणून लेप भिजलेला आणि कोरडा यांच्या सीमेवर आपल्याला हवी तीच तिरकी रेघ उमटते. पाणी नळीला चिकटून किंचित वर चढते, त्यामुळे ही रेघ एक-दोन मिलिमीटर वर असते. पण ती सगळीकडे जवळपास सारखीच चढते, आणि आपल्याला नेमकी उंची नको, कोन हवा आहे. तिन्ही पाय एकाच फळीवर एकाच खुणेपर्यंत बुडवले, की तिन्ही रेघा सारख्या येतात. मुलीला हे करताना जवळ बसवा. तिला ते आवडेल असे मला वाटते.

आता कापण्याविषयी. गोल नळी व्हाइसमध्ये थेट धरली, तर एक तर ती फिरते किंवा चेपते. त्यासाठी लाकडाचा साचा करा. बाभळीचा किंवा सागाचा साधारण ५० × ५० मि.मी.चा, १५० मि.मी. लांबीचा ठोकळा घ्या आणि त्याच्या लांबीतून २५ मि.मी. व्यासाचे भोक पाडा. हाताच्या ड्रिलने एवढे लांब भोक सरळ पडत नाही, म्हणून ठोकळा आधी लांबीत दोन भागांत कापा, दोन्ही भागांत अर्धगोल खाच कोरा आणि त्यांमध्ये नळी ठेवून दोन्ही भाग बांधा. जवळच्या सुताराकडून ही खाच काही मिनिटांत मिळेल. मग तोच ठोकळा सुताराच्या करवतीने त्याच्या लांबीशी ३० अंशांत तिरका कापून घ्या. आता नळी साच्यात घालून, पुढचे टोक बाहेर ठेवून ठोकळा व्हाइसमध्ये आवळला, की ठोकळ्याचा तिरका चेहरा हाच तुमचा मार्गदर्शक होतो. हॅक्सॉचे पाते त्या चेहऱ्याला टेकून चालले की ते दुसरीकडे जाऊच शकत नाही. शेवटी त्याच चेहऱ्यावर कानस सपाट ठेवून उरलेला भाग घासला, की तिन्ही पाय एकाच मापाचे होतात.

पाते इंचाला ३२ दातांचे घ्या आणि दात पुढे तोंड करून बसवा. दाट दातांचे कारण असे, की नळीची भिंत पातळ आहे. विरळ दातांच्या पात्यात दोन दातांमध्ये अख्खी भिंत शिरते आणि दात तुटतो. स्टेनलेस स्टीलवर पाते नुसते घासत ठेवले, तर धातू त्या जागी कडक होतो आणि पुढे कापतच नाही. म्हणून वेग कमी, मिनिटाला चाळीसेक फेऱ्या, पण प्रत्येक फेरीला पुरेसा दाब. मागे येताना दाब काढून घ्यायचा. थोडे तेल लावा. एका पायाला पंधरा मिनिटे लागतील, ती लागू द्या. कापलेल्या कडेची आतली खरड गोल कानसीने काढा आणि टोकाला रबरी टोपी बसवा, नाहीतर फरशीवर ओरखडे पडतील.

प्रश्न : वाळवा तालुक्यात आमची ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीची शेड आहे. उसाच्या ट्रॉलीच्या त्रिकोणी दांडीसाठी पाइप तिरका कापताना चार इंची डिस्क वारंवार फुटते. डिस्क निकृष्ट येतात, की आमची पद्धत चुकते?
— एक कारागीर, वाळवा

उत्तर : दोन्ही शक्यता आहेत, पण निमुळत्या कापात डिस्क फुटते ती बहुतेक पद्धतीमुळे. सरळ कापात डिस्क भिंतीत शिरते आणि बाहेर पडते. निमुळत्या कापात ती दोन लांब कडांच्या मध्ये खूप वेळ अडकून राहते, तापते आणि शेवटी सुटत आलेले पातळ टोक तिला बाजूने दाबते. कापाची पातळ डिस्क बाजूचा दाब सहन करण्यासाठी केलेलीच नसते. कापाची कड साफ करायला तीच डिस्क आडवी लावून घासणे ही तर सर्रास दिसणारी आणि फार धोक्याची सवय आहे. घासण्यासाठी ६ मि.मी. जाडीची वेगळी डिस्क किंवा फ्लॅप डिस्क लावा.

मी स्वतः हे एका दुखापतीनंतर शिकलो. १.२ मि.मी. भिंतीच्या नळीला निमुळता काप देताना मी गार्ड (डिस्कवरचे संरक्षक कवच) काढून ठेवला होता, कारण गार्डमुळे रेघ दिसत नव्हती. शेवटचे दोन मिलिमीटर राहिले असताना टोक वळले आणि डिस्कला चिकटले. डिस्कचे तीन तुकडे झाले आणि त्यांतला एक माझ्या हातात, मनगटाच्या वर, शिरला. चार टाके पडले. तो तुकडा एक हात वर आला असता तर डोळ्यात गेला असता. त्यानंतर मी गार्ड कधीही काढलेला नाही. रेघ दिसत नसेल, तर पाइप फिरवून धरतो किंवा दुसऱ्या बाजूने कापतो.

डिस्क घेताना मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत पाहा. डिस्कमधले कण राळेने बांधलेले असतात आणि ती राळ कालांतराने, विशेषतः दमट जागेत, ठिसूळ होते. पावसाळाभर शेडच्या कोपऱ्यात ओलीत पडलेली डिस्क स्वस्त वाटली तरी वापरू नये. डिस्कवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरच्या फेऱ्यांहून मोठा असला पाहिजे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, तर १४ इंची डिस्कची मर्यादा ४,३०० च्या आसपास असते. म्हणूनच मोठ्या मशीनवरची झिजून लहान झालेली डिस्क चार इंची ग्राइंडरला लावण्याचा मोह कधीही होऊ देऊ नका.

आपल्या दांडीसाठी एकसारखे बरेच तुकडे लागत असतील, तर कटऑफ मशीनला एक साधी जोड करून घ्या. मशीनच्या मागच्या पट्टीला काटकोनात ५० मि.मी.ची लोखंडी अँगल बोल्टने आवळा आणि पाइप त्या अँगलला दोन सी-क्लॅम्पने बांधा. आता पाइप डिस्कला जवळपास समांतर असतो, त्यामुळे पट्टी २० वर लावली की पाइपच्या अंगाशी २० अंशांचा काप मिळतो. पाइपच्या बाहेरच्या टोकाला स्टँड द्या, आणि उभे राहताना पाइपच्या पुढे न राहता बाजूला राहा. पाइपखाली २० ते २५ मि.मी. जाडीचे लाकूड घाला, नाहीतर डिस्कची गोलाई कापाच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचत नाही. प्लग काढून डिस्क हाताने पूर्ण खाली आणा आणि ती अँगलला, क्लॅम्पला किंवा मोटरचे अंग पाइपला लागत नाही ना, हे पाहा. पाइप आडवाच ठेवून फिरवा. खाली ठोकळा घालून तो वर तिरपा करू नका, कारण मग डिस्क उतरत्या पाठीवर पडते, घसरते आणि पुन्हा फुटते.

शेवटची गोष्ट ऊसपट्ट्यासाठी. ग्राइंडरची ठिणगी चार-पाच मीटर सहज जाते, आणि ट्रॉलीच्या फटींमध्ये अडकलेले वाळके पाचट तिला पुरेसे असते. कापण्याआधी ट्रॉली झाडून घ्या, ठिणग्यांच्या दिशेला ओले पोते टांगा, पाण्याची बादली हाताशी ठेवा, आणि काम संपल्यावर शेड लगेच बंद न करता अर्धा तास तिथेच थांबा.